सेगा सुपरस्टार्स टेनिस: पहिले सामने जिंकायचे तर

२००८ च्या या व्हिडिओ गेममध्ये सॉनिक, उलाला, अ‍ॅलेक्स किड असे सेगा या जपानी गेम कंपनीचे जुने गडी रॅकेट घेऊन उतरतात. सुरुवात सॉनिकने करा; पळ भारी असल्याने जागा चुकली तरी सावरता येतं. सॉनिकचा शत्रू एगमॅन याचा फटका जोरदार, पण कोपऱ्यातला चेंडू गाठताना त्याची दमछाक होते.

चेंडू अंगावर आल्यावर बटण दाबलं, तर पात्र हात लांबवून कसाबसा तो परतवतं आणि समोरच्याला आयता फटका मिळतो. म्हणून आधी जागेवर पोहोचा, बटण थोडं लवकर दाबा, मग दिशा द्या.

स्टार मीटर (खास फटक्यांसाठी भरत जाणारी पट्टी) भरला की लगेच उधळू नका, गेम पॉइंटला, म्हणजे गेम जिंकून देणाऱ्या गुणाच्या वेळी वापरा. बाकीची पात्रं मोहिमा जिंकून मिळवायची. त्यातली झोंबींची मोहीम तर खुद्द टेनिसपेक्षा मजेदार!