जोन्स आडनाव आणि वेल्श टार्टन: या चुका टाळा

‘जोन्स घराण्याचं पुरातन टार्टन’ अशी जाहिरात करून किल्ट (पुरुषांचा चुण्यांचा घागरा), टाय, मफलर आणि चहाचे मग विकले जातात. टार्टन म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्यांचा नमुना किंवा तसं कापड. सोबत जाड कागदावर छापलेला ‘घराण्याचा इतिहास’ही मिळतो. कापडाबद्दल सहसा तक्रार नसते. घोळ असतो त्या कागदात. घरात वेल्श जावई किंवा सून आलेली असो, वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या मित्राला भेट द्यायची असो, नाहीतर स्वतःच्याच वंशावळीत कुठेतरी एक जोन्स सापडलेला असो, पैसे मोजण्याआधी पुढच्या चुका माहीत असलेल्या बऱ्या.

टार्टनला शेकडो वर्षांचं समजणं

वेल्समध्ये आडनावागणिक टार्टन ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. संत डेव्हिडच्या नावाचं, लाल-हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांचं ‘राष्ट्रीय’ वेल्श टार्टन 1960 च्या दशकातलं. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स अशा एकेका आडनावासाठी चौकड्या बेतण्याचं काम सुरू झालं ते 2000 सालाच्या आसपास. म्हणजे ‘माझ्या खापरपणजोबांनी हेच नेसलं होतं’ असं कुणी जोन्स सांगत असेल तर ते शक्य नाही.

यावर लगेच ‘मग स्कॉटलंडचं तरी खरं ना?’ असा प्रश्न येतो. तिथेही कुळावार टार्टनची व्यवस्था बरीचशी एकोणिसाव्या शतकातच घडली. 1746 च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या देखरेखीखाली सगळं शहर टार्टनने सजलं. त्यानंतर आपल्या कुळाचं टार्टन कोणतं, हे शोधायची झुंबड उडाली. 1842 मध्ये दोन भावांनी ‘सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितावरून’ म्हणून टार्टनचं एक भलं मोठं पुस्तक काढलं. ते हस्तलिखित कधीच कुणाला तपासायला मिळालं नाही, पण त्यातले कितीतरी नमुने आजही विकले जातात. तेव्हा नवेपणाबद्दल वेल्शांनी फार ओशाळायचं कारण नाही. फक्त नव्याला जुनं म्हणू नये.

कापडातला खरा जुना वेल्श वारसा हवा असेल तर किल्टकडे नव्हे, लोकरीकडे बघा. वेल्श फ्लॅनेल, चौकटी-पट्ट्यांच्या शाली आणि ‘कार्थेन’ नावाची जाड दुपदरी विणीची पांघरुणं यांचा इतिहास भक्कम आहे. तेइवी नदीच्या खोऱ्यात लोकरीच्या गिरण्याच गिरण्या होत्या. तिथल्याच ड्रेवाख वेलिंद्रे गावात आज राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे.

सगळे जोन्स एका कुळाचे मानणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात.

वेल्श रीत मराठी माणसाला समजावून सांगायला वेळ लागत नाही. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो. त्यातून आडनाव तेवढं काढून टाका. टॉमसचा मुलगा जॉन, तो जॉन आप टॉमस. जॉनचा मुलगा डेव्हिड, तो डेव्हिड आप जॉन. मुलगी असेल तर ‘आप’च्या जागी ‘वेर्ख’. दर पिढीला शेवटचं नाव बदलणार, आणि लग्न झालं तरी बाई बापाचंच नाव लावणार. 1282 मध्ये मारला गेलेला वेल्सचा राजपुत्र लेवेलिन आप ग्रिफिद हासुद्धा म्हणजे ग्रिफिदचा मुलगा लेवेलिन, बस्स.

1536 आणि 1543 च्या कायद्यांनी वेल्सला इंग्लंडच्या कारभारात पुरतं ओढून घेतलं. कोर्टकचेऱ्यांची भाषा इंग्रजी झाली. आधी जमीनदारांनी आणि मग हळूहळू इतरांनी एकच आडनाव कायम केलं. खेड्यापाड्यांत जुनी रीत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, काही ठिकाणी त्याही पुढे टिकली. काहींच्या आडनावात तो ‘आप’ चिकटून राहिला: आप रीसचा प्राइस झाला, आप हवेलचा पॉवेल, आब ओवेनचा बोवेन. बाकीच्यांच्या नावाला इंग्रजी ‘एस’ लागला आणि ‘जॉनचा’ तो जोन्स झाला.

त्या काळात मुलांसाठी वापरात असलेली नावं मोजकीच होती, आणि त्यांत जॉन फार लाडका. ज्या पिढीत आडनाव गोठलं, त्या पिढीत बापाचं नाव जॉन असेल तर पुढचे सगळे जोन्स. शेजारच्या घरातही बाप जॉनच असेल तर तेही जोन्स, आणि दोघांचा रक्ताचा संबंध शून्य. एका खोऱ्यात असे वीस जॉन असले तर वीस वेगवेगळी जोन्स घराणी. अशा आडनावाला एक मूळपुरुष, एक गढी आणि एक टार्टन कुठून असणार?

याचं सुरेख उदाहरण भारताशी जोडलेलं आहे. वेल्सच्या अँगल्सी बेटावर शॉन शोर नावाचा शेतकरी होता. शॉन म्हणजे जॉन. त्याचा मुलगा विल्यम बापाच्या नावावरून विल्यम जोन्स झाला. वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे ग्रीक अक्षर 1706 मध्ये छापील पुस्तकात वापरणारा गणिती तो हाच. त्याचा मुलगाही विल्यम. जुन्या रीतीने या मुलाचं आडनाव विल्यम्स व्हायला हवं होतं. पण बाप लंडनकर झालेला, तिथे आडनाव ठरून गेलं होतं, म्हणून तो जोन्सच राहिला: 1784 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापणारा, शाकुंतल इंग्रजीत नेणारा सर विल्यम जोन्स. आजोबा शोर, बाप आणि मुलगा जोन्स. आडनाव गोठताना दिसतं ते असं.

‘फॅमिली क्रेस्ट’ विकत घेणं

हे थोडक्यात. कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला दिलं जातं आणि तिच्या वारसांकडे जातं. इंग्लंड आणि वेल्ससाठी हा अधिकार लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. मगवरचं चिन्ह कुठल्यातरी एका जोन्सचं असेलही, पण तुमच्या जोन्सचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

वंशावळ शोधताना नुसतं आडनाव धरून मागे जाणं

जोन्स हा वेल्समधला सर्वांत मोठा आडनावबंधूंचा समुदाय आहे. 2006 मध्ये कार्डिफच्या मिलेनियम सेंटरमध्ये 1,224 जोन्स एकत्र जमले आणि विश्वविक्रम झाला. गावातसुद्धा नुसतं जोन्स म्हणून कुणाचा पत्ता लागत नाही, म्हणून दूधवाला तो ‘जोन्स द मिल्क’. सैन्यात तर नंबर लावूनच हाक मारत. 1879 मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे दोन जोन्स, रॉबर्ट आणि विल्यम, एकाच पलटणीत होते. एक 716, दुसरा 593.

म्हणून शोध अडला की तो बहुधा पुढच्यापैकी एका जागी अडलेला असतो. 1841 ची जनगणना हाती घेतली असेल तर ती बाजूला ठेवा. तिच्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात आणि जन्मगाव नसतं. 1851 पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावभाग, मिळतो. जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासूनची. त्याआधीचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चच्या वहीत सापडत नसेल तर कुटुंब चॅपलचं, म्हणजे त्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांचं, असण्याचा संभव मोठा. चॅपलच्या जुन्या वह्या आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गंमत म्हणजे 1754 ते 1837 या काळात चॅपलवाल्यांनाही लग्न मात्र अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागे. त्यामुळे लग्न एका वहीत आणि मुलं दुसऱ्या वहीत, हे नेहमीचंच.

त्याही मागे गेलात की ‘जोन्स’ शोधणं थांबवा. बापाचं नाव, शेताचं किंवा घराचं नाव आणि धंदा, या तिन्हींची जुळणी करा. ॲबरिस्टविथच्या वेल्स राष्ट्रीय ग्रंथालयाने 1858 पूर्वीची वेल्श मृत्युपत्रं ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. त्यांत ‘माझा मुलगा अमुक, माझी मुलगी तमुक’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मुलाचं शेवटचं नाव बापाहून वेगळं दिसलं तर दचकू नका. आणि हो, गायक टॉम जोन्सशी नातं जोडायला जाऊ नका. त्याचं मूळ आडनाव वुडवर्ड.

खरेदीत आणि नेसण्यात

टार्टन नेसायला कुठल्याही आडनावाची सक्ती नाही, तसा कायदाच नाही. देशपांडे आडनावाच्या माणसाने जोन्स टार्टन नेसलं तरी कुणी हटकणार नाही. लग्नात मुलीकडच्यांना काय द्यावं, अशी पंचाईत असेल तर संत डेव्हिडचं राष्ट्रीय टार्टन सर्वांत सोपं.

एकाच आडनावाची एकाहून जास्त टार्टन असू शकतात. एडिंबरोहून चालणाऱ्या, 2009 मध्ये सुरू झालेल्या स्कॉटिश टार्टन नोंदवहीत नंबर, रचनाकार आणि तारीख पाहता येते. विक्रेत्याकडे तो नंबर मागा. नोंद आहे याचा अर्थ जुनं आहे असा नव्हे. नवी रचना कुणीही नोंदवू शकतो. ‘एन्शंट’ या शिक्क्यालाही फसू नका. त्याचा अर्थ रंग फिके, वनस्पतीच्या रंगांसारखे. कापडाच्या वयाशी त्याचा काही संबंध नाही. स्क्रीनवरचा हिरवा आणि हातातला हिरवा वेगळा निघतो, म्हणून आधी नमुन्याचा तुकडा मागवा, आणि लोकर की कृत्रिम धागा हे विचारून घ्या.

किल्ट नेसताना चुण्या मागे, सपाट भाग पुढे, आणि वरच्या पल्ल्याची मोकळी कड नेसणाऱ्याच्या उजव्या हाताला. कंबरपट्टा पँटसारखा खाली नको, बेंबीच्या उंचीवर. खालची कड गुडघ्याच्या मध्यापाशी. पिन लावायची ती फक्त वरच्या पल्ल्याला. दोन्ही पल्ले एकत्र टोचले तर बसताना कापड ओढलं जातं आणि फाटतं.