फंडेड पीएचडी: जाहिरात वाचण्यापासून ईमेलपर्यंत

जाहिरातीत ‘फंडेड’ दिसले की लगेच अर्ज भरायला बसू नका. आधी पाहा: शिक्षण शुल्क माफ आहे का, विद्यावेतन किती वर्षांचे, आणि परदेशी विद्यार्थ्याचे पूर्ण शुल्क भरले जाते की फक्त स्थानिक दराइतके? उरलेला फरक दरवर्षी तुमच्या खिशातून जातो.

पात्रतेच्या अटी शेवटपर्यंत वाचा. मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या निधीवरील पीएचडी योजनेत नियुक्तीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक राहिलेला उमेदवार सहसा बाद होतो, गुण कितीही असोत. अमेरिकेत अर्ज बहुधा विभागाकडे, डिसेंबरच्या सुमारास जातो. पैसा अध्यापन वा संशोधन साहाय्यकाच्या कामातून येतो.

मार्गदर्शकाला ईमेल दहा-बारा ओळींचा पुरे. ईमेलच्या विषय-ओळीत प्रकल्पाचे नाव द्या. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचून एक नेमका प्रश्न विचारा, आणि त्यासाठी तुम्हाला काय येते ते सांगा: कोणते उपकरण हाताळले, कोणत्या भाषेत कोड लिहिला. ‘आपल्या कार्याने भारावून गेलो’ हे वाक्य काढाच. तोच मजकूर शंभर जणांना गेलाय हे लगेच ओळखू येते. सीव्ही आणि गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये जोडा. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

अर्ज खरे अडकतात ते शिफारसपत्रांपाशी. महिनाभर आधी मागा, सोबत तारीख आणि प्रकल्पाचा सारांश द्या. जागा मिळाली तर होकार देण्यापूर्वी मार्गदर्शकाच्या संशोधन गटातल्या सध्याच्या विद्यार्थ्याला विचारा: विद्यावेतनाची मुदत संपल्यावर पैसे कोण देते?