शहरातून डोंगरात, आरव्ही घेऊन दोन-तीन दिवस: या चुका टाळा

शुक्रवारी काम आटोपलं की निघायचं, रात्री उशिरा का होईना वर पोहोचायचं, शनिवार अख्खा हाताशी ठेवायचा आणि रविवारी संध्याकाळी घरी. आरव्हीची, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोटरहोमची, पहिली सहल बहुतेक जण अशी आखतात आणि सगळं तिथूनच बिनसायला लागतं. बेत कारचा असतो, गाडी मात्र तीन-साडेतीन टनांची, उंच, रुंद आणि पोटात पाणी, गॅस, भांडीकुंडी घेऊन चालणारी. लांबच्या सहलीत पहिल्या दिवशी झालेली चूक चौथ्या दिवसापर्यंत सावरून घेता येते. इथे तिसरा दिवसच परतीचा असतो.

ज्या चुका जिवावर बेतू शकतात त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. ज्यांनी नुसता मनस्ताप होतो, त्या थोडक्यात.

मॅपने सांगितलेली वेळ खरी धरणं

मॅप जी वेळ दाखवतो ती कारची. मी मैदानी रस्त्याच्या वेळेत पाव भाग वाढवतो आणि घाटाच्या वेळेत निम्मा. मॅपवर पाच तास दिसत असतील, त्यातले तीन सपाटीचे आणि दोन घाटाचे, तर माझ्या हिशोबाने ते पावणेसात होतात. त्यात डिझेल, जेवण आणि पाय मोकळे करण्याचे थांबे धरले की आठ तास कुठेच गेले नाहीत.

हे आठ तास संध्याकाळी सहाला सुरू झाले तर काय होतं? मध्यरात्री दोन वाजता, दिवसभराच्या थकव्यानंतर, अनोळखी वळणांवरून गाडी चढवावी लागते. पोहोचल्यावर जमीन ओली आहे का, उतार कुठल्या बाजूला आहे, वर फांदी किती खाली आली आहे, यातलं काहीच अंधारात दिसत नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी चाकं थांबलीच पाहिजेत, हा नियम मी मोडत नाही.

शुक्रवारी निघायचंच असेल तर शहराच्या गर्दीतून बाहेर पडा, डोंगराच्या पायथ्यापर्यंत सपाटीवर जा आणि मुक्कामाची परवानगी असलेल्या जागी झोपा. पहाटे ताज्या डोळ्यांनी, थंड इंजिनाने घाट चढा. आरव्हीचा खरा फायदा हाच की अंथरूण सोबत असतं, मग वाटेत थांबण्यात कमीपणा कसला?

मॅपला आणखी एक गोष्ट कळत नाही: गाडीची उंची. मोटरहोम साधारण 2.6 ते 3.2 मीटर उंच असते. कागदावर लिहिलेल्या उंचीत छतावरचा एसी, सोलर पॅनेल किंवा अँटेना धरलेला असेलच असं नाही. स्वतः टेप लावून जमिनीपासून सगळ्यात वरच्या टोकापर्यंत माप घ्या आणि मीटर आणि फूट दोन्हींत मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. कमानीसमोर उभं राहिल्यावर आठवत बसायला वेळ नसतो. बोगदे, रेल्वेखालचे पूल आणि पेट्रोल पंपाचं छप्पर ही नेहमीची अडकण्याची ठिकाणं. डोंगरात रेंज जाते, म्हणून त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या.

वजन न करता निघणं

साडेतीन टनांची मर्यादा असलेली गाडी रिकामी असतानाच तीन टनांच्या आसपास असेल, तर तुमच्या वाट्याला उरले पाचशे किलो. चार माणसं 280 किलोंची. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की 100 किलो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 120 किलो उरले. त्यात अंथरुणं, कपडे, खाणं, भांडी, खुर्च्या, टेबल, दोन सायकली आणि त्यांचा स्टँड. इथे मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही, कारण गाडीत जागा शिल्लक दिसत असते.

उपाय एकच. सगळं सामान आणि सगळी माणसं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. जमलं तर पुढचा आणि मागचा आस (ॲक्सल) वेगवेगळा तोला. एकूण वजन बरोबर आणि मागचा आस मात्र ओव्हरलोड, असं बऱ्याचदा होतं, कारण सामानाचं कपाट आणि सायकली दोन्ही शेपटीकडे असतात. जड वस्तू खाली, जमिनीलगत आणि दोन आसांच्या मध्ये ठेवा. वरच्या कपाटात फक्त हलकं सामान.

पाण्याचं गणित आधी करा. मुक्कामी नळ आहे हे फोन करून पक्कं झालं असेल, तर वाटेपुरतं वीस-तीस लिटर पुरे. वजनाचा हा मुद्दा घाट उतरताना पुन्हा समोर येणार आहे.

टायरचंही तेच. आरव्ही वर्षातले बरेच महिने उभी असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नवी दिसते आणि रबर आतून कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, 2319 असेल तर 2019 सालचा 23वा आठवडा. गाडी भाड्याची असली तरी हा आकडा वाचा आणि जुना वाटला तर विचारा. हवा नेहमी थंड टायरमध्ये, गाडीच्या लेबलवर दिली आहे तेवढीच भरा. घाटात तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका.

उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहणं

चढताना भीती वाटते आणि धोका उतरताना असतो. साडेतीन टनांची गाडी एक हजार मीटर खाली उतरते तेव्हा तिची जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या उष्णतेत साधारण शंभर लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. ही सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकनीच घ्यायची ठरवली तर ते हात टेकतात.

हे माझ्याबाबतीत घडलं आहे. लांब उतार, समोर सुंदर दरी, मुलं खिडकीला चिकटलेली, आणि माझा पाय पंधरा मिनिटं ब्रेकवर अलगद टेकवलेला. आधी वास आला, जळक्या रबरासारखा, थोडा गोडसर. मला वाटलं बाहेरून येतोय. पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं आणि पायाखाली स्पंज दाबल्यासारखं वाटलं. नशिबाने पुढे रुंद जागा होती. गाडी थांबली तेव्हा पुढच्या चाकातून निळसर धूर निघत होता.

पेडल मऊ का पडतं? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू निदान 230 अंश सेल्सिअस असतो, ओल मुरलेल्याचा 155 पर्यंत घसरू शकतो. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात, आणि पायाचा जोर चाकापर्यंत जाण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यात संपतो. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. भाड्याची गाडी घेताना गादी मऊ आहे का यापेक्षा हा प्रश्न आधी विचारा.

उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. जुन्या ड्रायव्हरांचं हे सूत्र आजही चोख आहे. गाडी ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा खालचा गिअर निवडा. इंजिन ओरडल्यासारखं वाटेल. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात नसेल तर ओरडू द्या, ते तुमचंच काम करत असतं. तरीही वेग वाढला तर ब्रेक ठाम दाबून ताशी दहा-पंधरा किलोमीटरने कमी करा आणि पाय पूर्ण उचला. सतत हलका टेकवलेला पाय सगळ्यात घातक. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरण्याचा विचारही नको.

वास आलाच तर सपाट, सुरक्षित जागा बघून थांबा. गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. निदान अर्धा तास थांबा. निघण्यापूर्वी जागेवरच पेडल दाबून बघा. ते अजूनही मऊ लागत असेल, तर गाडी तिथेच ठेवून मदत बोलवायची.

चढाचं थोडक्यात सांगतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, टर्बो असलेल्याची बरीच कमी. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, केबिनचा हीटर पूर्ण चालू करा आणि ॲक्सिलरेटर हलका करा. तरी उतरला नाही तर थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. मागे गाड्यांची रांग साचली तर रुंद जागी बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या, मागच्याचा हॉर्न ऐकत चालवलं की चुका होतात.

तीव्र वळणावर मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून जातं आणि मागच्या आसाच्या पलीकडची शेपटी बाहेरच्या बाजूला झुलते. उजवीकडे वळताना डावीकडचा कठडा आरशात बघा. निघण्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या मैदानात दोन बाटल्या उभ्या करून अर्धा तास वळून पाहा. शेपटी नेमकी किती फिरते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की घाटात अंदाज चुकत नाही.

थंडी आणि बंद खिडक्या

उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. शहरात 25 अंश असतील तर अडीच हजार मीटर वर नऊच्या आसपास, आणि तेही रात्र व्हायच्या आधी. मग थंडी वाजते आणि लोक दोन गोष्टी करतात: खिडक्या-झरोके घट्ट बंद करतात आणि ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवतात. असं कधीही करू नका. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्याचा अलार्म आहे का आणि बटण दाबल्यावर वाजतो का, हे निघण्याआधी तपासा. गाडीच्या तळाशी हवेसाठी ठेवलेली भोकं थंड वारा येतो म्हणून बोळा घालून बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर पडतो. गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा.

सकाळी शेगडी पेटत नसेल आणि सिलिंडर जड लागत असेल, तर त्यात ब्युटेन आहे का पाहा. शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत चालतो, म्हणून डोंगरासाठी तोच घ्या. अडीच हजार मीटरवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, शिजायला वेळ लागतो, गॅस जास्त जातो. तेवढा जादा धरा.

त्याच उंचीच्या वर शहरातून एका दिवसात आलेल्या माणसाचं डोकं दुखू शकतं, मळमळू शकतं. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. दोन दिवसांच्या सहलीत शरीराला सवय व्हायला वेळच नसतो, म्हणून मी मुक्काम शक्यतो अडीच हजारांच्या खालीच निवडतो.

लहानसहान बिघाड

फ्रिज गार होत नसेल तर गाडी तिरकी उभी आहे का ते आधी बघा. गॅसवरही चालणारे फ्रिज सपाटीवरच नीट चालतात. टेबलावर पसरट भांड्यात पाणी ठेवलं की कल लगेच दिसतो. फ्रिज आदल्या रात्रीच सुरू करून ठेवावा आणि आत गार वस्तूच ठेवाव्यात. पंप चालतोय पण नळाला पाणी नाही, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीत हवा अडकली आहे, सगळे नळ एकदम उघडा. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच गुरगुरत असेल तर कुठेतरी गळती आहे. रात्री तो बंद करूनच झोपा. दिवे मंदावले तर लक्षात घ्या की 100 अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची असते. लिथियम बॅटरी शून्य अंश तापमानाखाली चार्ज करायची नसते.

परतीची सकाळ

आवराआवर घाईत होते, म्हणून तिला तासभर राखून ठेवा. शौचालयाची आणि सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची, झऱ्याच्या किंवा रस्त्याच्या कडेला कधीही नाही. दोन माणसांत शौचालयाची वीस लिटरची टाकी दोन-तीन दिवसांतच भरते, तेव्हा ती जागा कुठे आहे हे येतानाच बघून ठेवा. उरलेलं स्वच्छ पाणीही परवानगी असेल तिथे सोडून द्या. सत्तर लिटर कमी झाले तर सत्तर किलो कमी घेऊन घाट उतराल.

मग छताचे झरोके, फ्रिजची कडी, पायरी, गॅसचा व्हॉल्व्ह. शेवटी एकाने खाली उतरून गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची, चाकांपुढचे ठोकळे उचलायचे आणि ते आत ठेवल्याचं मोठ्याने सांगायचं. त्यानंतरच किल्ली फिरवायची.