तयार फ्लॅटमध्ये लॅन केबल टाकताय? आधी टीव्हीचा जुना पाइप शोधा

राउटर हॉलमध्ये, कामाचं टेबल आतल्या बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती. अशा घरात राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत इंटरनेटची लॅन केबल टाकायची म्हटलं की पहिला विचार भिंतीत झिरी मारायचा येतो. त्याआधी टीव्ही पॉइंटचा बोर्ड उघडून बघा. बऱ्याच फ्लॅटमध्ये टीव्ही आणि टेलिफोनसाठी हॉलपासून बेडरूमपर्यंत कन्सील, म्हणजे भिंतीच्या आतून जाणारा पाइप आधीच असतो आणि आतली वायर आता कुणी वापरत नाही. हाच सगळ्यात चांगला रस्ता, कारण बाहेर काहीच दिसत नाही.

बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद करा, हे विसरायचं नाही. मेन बंद असली तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये २३० व्होल्ट जिवंत असतात. मग मल्टिमीटरने खात्री करा. २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाइपमध्ये लॅन केबल कधीही सारू नका. इन्सुलेशन सोललं गेलं तर तो करंट थेट कॉम्प्युटरपर्यंत येतो. टीव्हीचं सॉकेट प्लगच्याच बोर्डात असेल, तर केबल शेजारी वेगळा बॉक्स बसवून तिथे काढा.

जुनी टीव्ही केबल एका टोकाने ओढली की दुसरं टोक हलतं का, ते पाहा. हलत असेल तर तिच्याच मदतीने नवी ओढता येते. नव्या केबलचं आवरण १० सेंटिमीटर सोला, तारा कमी-जास्त लांबीवर कापा, जुनीच्या तांब्याभोवती पिळा आणि टेप घट्ट गुंडाळा. सांधा निमुळता हवा, जाड झाला तर पाइपच्या वळणात, म्हणजे एल्बोमध्ये अडकतो. सोबत एक नायलॉनची दोरीही बांधा, ती पाइपमध्येच राहू द्या, पुढच्या वेळी कामाला येते. एकाने सारायचं, दुसऱ्याने हळूहळू ओढायचं. अडकली तर वीतभर मागे घ्या आणि पुन्हा ओढा. केबलमध्ये आठ तारा पीळ दिलेल्या चार जोड्यांत असतात. ११ किलोपेक्षा जास्त जोर लावला तर या जोड्यांचे पीळ ताणले जातात. केबल बाहेरून धडधाकट दिसते, पण स्पीड मिळत नाही. घर्षण कमी करायला टाल्कम पावडर चालते, तेल किंवा ग्रीस नको.

केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली तर परत करा. ती लवकर तुटते, आणि केबलवरूनच वीज घेणारा कॅमेरा लावला तर तापते.

पाइपच नसेल तर स्कर्टिंगच्या वरून किंवा दाराच्या चौकटीलगत केबल झाकणारी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी लावा आणि भिंतीच्या रंगात रंगवा. वळणावर केबल काटकोनात मोडू नका, किमान अडीच सेंटिमीटर त्रिज्येची गोलाई ठेवा. भिंतीतून जायला ८ ते १० मिलिमीटरचं भोक पुरतं, मात्र कनेक्टर केबल पलीकडे गेल्यावरच लावायचा. बीम किंवा कॉलमला भोक पाडू नका. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेतही नको, वायरींचे पाइप तिथूनच जातात. बाहेरच्या भिंतीत भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरूनच टपकतं.

दोन्ही टोकांना बॉक्समध्ये २० सेंटिमीटर केबल राखून जॅक लावा. दोन्हीकडे क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर याच क्रमाची ‘बी’ खूण असते. जॅकजवळ पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

पट्टी बंद करण्याआधी लॅन केबलचा टेस्टर दोन्ही टोकांना लावा. आठही दिवे ओळीने लागले तरी कॉम्प्युटरवर लिंक स्पीड बघाच. १००० एमबीपीएसऐवजी १०० दाखवत असेल, तर आधी निळी आणि तपकिरी जोडी तपासा. १०० ला नारिंगी आणि हिरवी पुरते, १००० ला चारही लागतात. दिवे ठीक, पण लिंक सारखी तुटत असेल, तर हिरवी जोडी दोन्हीकडे शेजारी-शेजारी, वरच्या क्रमातल्या ३ आणि ४ नंबरच्या जागी बसली असेल. साध्या टेस्टरला ही चूक कळत नाही. तिची जागा ३ आणि ६ आहे.