संगणकीय बीजगणिताच्या परिषदेला शोधनिबंध पाठवताना या चुका टाळा

बीजगणितातील प्रश्न संगणकाकडून दशांशातील अंदाजाने न सोडवता अक्षरे, अपूर्णांक आणि बहुपदी जशाच्या तशा ठेवून अचूक सोडवून घेणे, या विषयाला वाहिलेली सर्वांत महत्त्वाची वार्षिक परिषद म्हणजे ‘इसॅक’. १९६६ साली वॉशिंग्टन येथे एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या पुढाकाराने भरलेल्या परिसंवादापासून ही परंपरा सुरू झाली आणि १९८८ पासून ती सध्याच्या नावाने चालू आहे. २०२२ मध्ये ती फ्रान्समधील लील येथे, २०२३ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे आणि २०२५ मध्ये मेक्सिकोतील ग्वानाह्वातो येथे भरली. विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या किंवा पीएच.डी. करणाऱ्या माणसाला ही नावे फार दूरची वाटतात. मात्र या विषयातील कितीतरी काम वही, पेन्सिल, साधा संगणक आणि मोफत मिळणाऱ्या प्रणाली यांवर होते. निबंध परत येतो तो बहुतेक वेळा केलेला दावा नीट तपासलेला नसल्यामुळे.

पहिली चूक परिषद निवडतानाच होते. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ठळक छापलेली, आठवडाभरात स्वीकृती देणारी आणि स्वीकृतीच्या पत्रासोबतच शुल्काचा आकडा कळवणारी निमंत्रणे आपल्या महाविद्यालयांच्या ई-मेलवर सतत येत असतात आणि पदोन्नतीच्या घाईत कोणीतरी त्यांना बळी पडतो. परीक्षक मंडळावर कोण आहेत आणि मागील वर्षांचे निबंध कोठे छापले गेले, एवढे पाहिले तरी खोटी परिषद ओळखता येते. याच्या उलट चूकही आढळते: परिषदेतील निबंध म्हणजे दुय्यम, खरे ते नियतकालिक, असे समजून चांगले काम पाठवलेच जात नाही. या शाखेत तसे नाही. फ्रेंच संशोधक फोजेर यांचा ग्रोबनर बेसिस (बहुपदी समीकरणांच्या संचाचे हाताळायला सोपे असे समतुल्य रूप) काढण्याचा ‘एफ-५’ हा गाजलेला अल्गोरिदम २००२ च्या इसॅकमध्येच प्रसिद्ध झाला.

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. अचूक संगणनाचा निबंध लिहायचा आणि उदाहरणात मात्र ०.१ असे दशांश भरायचे, ही फार पसरलेली चूक आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते, आणि जेथे बाकी शून्य आहे की नाही यावर सगळा निर्णय अवलंबून असतो तेथे शेवटचा हा ४ पूर्ण उत्तर बदलून टाकतो. पायथन भाषेतील सिम्पाय ही बीजगणिताची प्रणाली वापरणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण १/१० असे टंकले की सिम्पायच्या हाती पडण्यापूर्वीच पायथन त्याचे दशांश करून मोकळे होते. तेथे परिमेय संख्या स्पष्टपणे ‘रॅशनल’ म्हणून द्यावी लागते. सेज या दुसऱ्या प्रणालीत तेच १/१० अपूर्णांक म्हणूनच राहते. एकाच कामासाठी दोन्ही प्रणाली वापरणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

आणखी एक तक्रार नेहमीची: “प्रोग्राम बरोबर आहे, पण लहानशा उदाहरणावरही अडकतो.” याचे कारण बहुधा मधल्या पायऱ्यांतील संख्यांची वाढ हे असते. पाठ्यपुस्तकांत वारंवार येणारे एक उदाहरण वहीत करून पाहण्यासारखे आहे. पहिली बहुपदी क्ष^८ + क्ष^६ − ३क्ष^४ − ३क्ष^३ + ८क्ष^२ + २क्ष − ५ आणि दुसरी ३क्ष^६ + ५क्ष^४ − ४क्ष^२ − ९क्ष + २१. यांचा मसावि युक्लिडच्या रीतीने काढताना अपूर्णांक टाळण्यासाठी प्रत्येक पायरीला अग्रसहगुणकाच्या (सर्वांत मोठ्या घाताच्या पदाच्या सहगुणकाच्या) योग्य घाताने गुणत गेले, तर शेवटी १२५९३३३८७९५५००७४३१००९३११४१९९२१८७५०० ही ३५ अंकी संख्या हाती येते, आणि एवढ्या खटाटोपातून निघणारा निष्कर्ष इतकाच की मसावि १ आहे. प्रत्येक पायरीला अगोदरच ठाऊक असलेल्या सामाईक गुणकाने भागत जाण्याची, म्हणजे सबरिझल्टंटची रीत वापरली तर शेवटची संख्या २६०७०८ एवढीच राहते.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे एखादी मूळ संख्या घेऊन सर्व सहगुणक तिने भागल्यावर उरणाऱ्या बाकीत मोजणे. वरील उदाहरणात ५ घेतल्यास मसावि १ येतो, आणि ५ ने कोणत्याही अग्रसहगुणकाला भाग जात नसल्यामुळे मूळ प्रश्नाचा मसाविही १ आहे हे तेवढ्यावरच सिद्ध होते. परंतु ७ घेतल्यास घोटाळा होतो. क्ष = ४ ठेवून पाहा: पहिल्या बहुपदीची किंमत ६८८०३ आणि दुसरीची १३४८९ येते, व दोन्हींना ७ ने निःशेष भाग जातो. म्हणजे ७ च्या हिशेबात क्ष − ४ हा सामाईक अवयव दिसतो, जो प्रत्यक्षात नाहीच. २६०७०८ ला ७ ने भाग जातो, हे त्याचे कारण. अशा ‘दुर्दैवी’ मूळ संख्या थोड्याच असतात, पण त्या असतात; आपला अल्गोरिदम त्या कशा ओळखतो आणि टाळतो हे निबंधात लिहिलेले नसेल, तर परीक्षकाचा पहिला प्रश्न तोच असेल. दहा उदाहरणांवर उत्तर बरोबर आले, हा पुरावा होत नाही. माझ्या मते आपल्याकडून गेलेल्या निबंधांची सर्वांत दुबळी बाजू हीच आहे.

ग्रोबनर बेसिसच्या बाबतीत प्रोग्राम अडकला तर आधी पदक्रम, म्हणजे बहुपदीतील कोणते पद मोठे मानायचे याचा नियम, तपासावा. चलांचे निरसन करायचे म्हणून थेट कोशक्रम (शब्दकोशाप्रमाणे आधी पहिले चल, मग दुसरे असे पाहणारा क्रम) लावला जातो आणि संगणक तासन्‌तास उत्तर देत नाही. उकलींची संख्या मर्यादित असेल तर आधी घातानुसारी उलट कोशक्रमात (पदाचा एकूण घात आधी पाहणाऱ्या क्रमात) बेसिस काढून मग १९९३ पासून प्रसिद्ध असलेल्या एफजीएलएम पद्धतीने तो कोशक्रमात नेणे बहुतेक वेळा कितीतरी स्वस्त पडते. तरीही काही प्रश्न मुळातच अवघड असतात. घातांची वाढ दुहेरी घातांकी होऊ शकते हे माय्र आणि मेयर यांनी १९८२ मध्येच दाखवले, त्यामुळे ‘सर्व प्रश्नांसाठी जलद’ असा दावा करूच नये. तुलनाही प्रामाणिक हवी. स्वतःचा प्रोग्राम एखाद्या सामान्य प्रणालीच्या मूळ सेटिंगशी ताडून वेग सांगण्याऐवजी सिंग्युलरसारख्या याच कामासाठी घडवलेल्या प्रणालीशी तो ताडावा. सिंग्युलर, सेज, मॅक्सिमा, पारी-जीपी या सर्व प्रणाली मोफत आहेत, तेव्हा महागड्या प्रणालीची चोरटी प्रत घेण्याचे काहीच कारण नाही.

अ·क्ष = ब चे उत्तर ब/अ असे लिहून अ शून्य असण्याची शक्यता विसरणे ही छोटी, पण निबंध बुडवणारी चूक आहे.

रात्रभर चालणारे संगणन लावून घरी जाणाऱ्यांनी वीज जाणार हे गृहीतच धरावे. मधले निकाल ठरावीक अंतराने फाइलीत लिहून ठेवणारा प्रोग्राम असेल तर इन्व्हर्टर संपला तरी सकाळी तेथूनच पुढे जाता येते. शिवाय हीच फाइल वेळेच्या नोंदींचा पुरावा म्हणूनही कामी येते.

वेळापत्रकाचेही भान हवे. निबंध साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत मागवले जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे हिवाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडलेले असतात. मुदत ‘एनिव्हेअर ऑन अर्थ’ (पृथ्वीवर कोठेही ती तारीख चालू असेपर्यंत) अशी दिली असेल तर त्या तारखेची रात्र ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सायंकाळ ५.२९ होय, ही सवलत शेवटच्या दुरुस्तीसाठी राखावी, तालुक्याच्या इंटरनेटच्या भरवशावर पहिल्यांदा अपलोड करण्यासाठी वापरू नये. पानांची मर्यादा त्या वर्षीच्या सूचनेतच पाहावी. स्वीकृती आणि परिषद यांत जेमतेम तीन-एक महिने मिळतात, आणि लेखकांपैकी एकाने तरी जाऊन निबंध सादर करावा अशी अपेक्षा असते. पासपोर्ट नसेल तर निबंध पाठवतानाच नागपूरच्या कार्यालयाकडे अर्ज करावा. परिषद शेंगेन देशांत (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) असेल तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तरी तो द्यावाच लागतो.