फुटबॉल मॅनेजर: दोन स्ट्रायकरांची जोडी जमत नसेल, तर या चुका टाळा

'फुटबॉल मॅनेजर' या संगणकावरच्या खेळात आपण क्लबचे व्यवस्थापक होऊन संघ आणि डावपेच ठरवतो. इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत नेटवर्क सेव्ह (अनेकांनी मिळून खेळायचा एकच गेम) चालवणारे गट असतील तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते: दोन्ही स्ट्रायकर महागाचे, दोघांचं फिनिशिंग उत्तम, तरी एकच गोल करतो आणि दुसरा ९० मिनिटं नुसता फिरत राहतो. मग दुसऱ्याला विकून तिसरा आणला जातो आणि पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा खेळाडूत नसतो. दोघांना दिलेलं काम, किंवा त्यांच्या मागे उभी केलेली माणसं, यांत तो सापडतो.

इथले तपशील 'फुटबॉल मॅनेजर २०२४' धरून दिले आहेत. २०२५ ची आवृत्ती रद्द झाली. 'फुटबॉल मॅनेजर २६' मध्ये सपोर्ट, अटॅक या ड्यूटी (भूमिकेत खेळाडूने किती पुढे जायचं ते) काढून टाकल्या आहेत आणि चेंडू आपल्याकडे असताना एक व नसताना दुसरी अशी वेगवेगळी फॉर्मेशन लावता येते. बटणं बदलली, तरी जोडी बिघडायची कारणं तीच राहिली.

दोघांनाही एकच धाव

सगळ्यात जास्त जोड्या इथे बिघडतात. ४-४-२ मध्ये (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) दोन्ही अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्ड, दोघे अटॅक ड्यूटीवर. ही भूमिका स्वभावतःच बचावफळीच्या मागे पळते आणि सेंटर बॅक व फुल बॅक यांच्यामधल्या फटीत सरकते. दोघे एकाच वेळी तसे पळाले की समोरच्या दोन सेंटर बॅकना एकेक माणूस वाटून मिळतो. त्यांना काही ठरवावं लागत नाही, कोणाला जागा सोडून पुढे यावं लागत नाही. आणि आपल्या मिडफिल्डपासून स्ट्रायकरांपर्यंत २०-२५ मीटरचं मोकळं मैदान पडतं. त्यात चेंडू घ्यायला कोणीच नसल्यामुळे मिडफिल्डर लांब मारतो, चेंडू परत येतो.

उलट टोकही तितकंच वाईट. डीप-लाइंग फॉरवर्ड सपोर्टवर आणि शेजारी फॉल्स नाइन, म्हणजे दोघे खाली उतरणार. ताबा ५८-६० टक्क्यांवर जातो, आकडे छान दिसतात, पण मागे पळणारा कोणी नाही हे ओळखून समोरची बचावफळी पुढे सरकते आणि आपले शॉट पेनल्टी बॉक्सच्या बाहेरूनच सुटतात.

इंदूरच्या वाचकाला जोडी समजावायला क्रिकेटचंच उदाहरण सोपं. १९३६ च्या मँचेस्टर कसोटीत आपल्या इंदूरच्या मुश्ताक अलींनी ११२ आणि विजय मर्चंट यांनी ११४ धावा करत सलामीला २०३ धावांची भागीदारी रचली. एक पुढे सरसावून गोलंदाजाची लांबी बिघडवणारा, दुसरा तंत्रशुद्ध. गोलंदाजाला दोघांसाठी एकच टप्पा चालत नव्हता. सेंटर बॅकचीही तशीच पंचाईत व्हायला हवी: खाली उतरणाऱ्यामागे जावं तर पाठीमागे जागा उघडते, न जावं तर तो मोकळा वळतो.

हे तपासायचं असं. पुढचा सामना पहिली १५ मिनिटं 'फुल मॅच'वर बघा. आपला मिडफिल्डर चेंडू घेऊन पुढे तोंड करतो, त्या क्षणी पॉज करा. दोन्ही स्ट्रायकर एकाच आडव्या रेषेत दिसले, आणि हे ५ वेळांपैकी ४ वेळा दिसलं, तर दुखणं हेच. मध्यंतराला सरासरी जागांचा नकाशा उघडा. दोघांचे क्रमांक एकमेकांना चिकटलेले असतील तर शंकाच नको. एकाला अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्डच ठेवा, दुसऱ्याला डीप-लाइंग फॉरवर्ड सपोर्ट करा. बाकी काही हलवू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

जागा रिकामी केली, पण भरली कोणी?

भूमिका बरोबर दिल्या तरी जोडी अडते, ती इथे. डीप-लाइंग फॉरवर्ड खाली आला की त्याच्या पुढची जागा उघडते. तिथे कोणीतरी घुसलं पाहिजे, म्हणून पळणारा मिडफिल्डर त्याच बाजूला ठेवायचा. डीप-लाइंग फॉरवर्ड डावीकडे असेल तर डावीकडचा सेंट्रल मिडफिल्डर अटॅक ड्यूटीवर, उजवीकडचा डिफेंडवर. हे उलटं लावलं की अटॅकवाला मिडफिल्डर अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्डच्याच पाठीवर जाऊन आदळतो आणि दुसरीकडची मोकळी जागा वाया जाते.

विंगचाही हिशेब आहे. अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्ड बाजूच्या फटीत सरकतो, म्हणून त्याच्या बाजूला रेषेला चिकटून राहणारा साधा विंगर हवा. तिथे आत वळणारा इन्व्हर्टेड विंगर अटॅकवर दिला तर दोघे एकाच तुकड्यात गर्दी करतात. इन्व्हर्टेड विंगर ठेवायचाच असेल तर तो डीप-लाइंग फॉरवर्डच्या बाजूला ठेवा, पण मग त्या बाजूच्या मिडफिल्डरला सपोर्टवर आणा. एका रिकाम्या जागेत एकच माणूस पळवायचा.

डायमंड खेळणाऱ्यांनी इथे जास्त सांभाळावं. ४-१-२-१-२ मध्ये, म्हणजे मिडफिल्डचे चौघे हिऱ्याच्या आकारात उभे असतात तेव्हा, स्ट्रायकरांच्या मागे आधीच एक अ‍ॅटॅकिंग मिडफिल्डर उभा असतो. तो अ‍ॅडव्हान्स्ड प्लेमेकर (चेंडू मागून घेऊन पास देणारा) असेल आणि डीप-लाइंग फॉरवर्डही तिथेच उतरला, तर समोरचा एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर दोघांना पुरतो. दोन उपाय आहेत. प्लेमेकर ठेवायचा असेल तर दोन्ही स्ट्रायकर पुढे ठेवा, पण वेगळ्या कामाचे: एक पोचर (बॉक्समध्ये थांबून गोल करणारा), दुसरा प्रेसिंग फॉरवर्ड (बचावपटूंवर धावून दबाव टाकणारा) अटॅक. किंवा डीप-लाइंग फॉरवर्ड ठेवा आणि मागच्याला शॅडो स्ट्रायकर करा, म्हणजे एक उतरतो तेव्हा दुसरा त्याला ओलांडून वर जातो. दुसरा उपाय पाहायलाही सुंदर आणि बंद बचावापुढे अधिक कामाचा.

नाव टार्गेट फॉरवर्ड, हातात आलेला माणूस भलताच

भूमिकेशेजारचं हिरवं वर्तुळ पाहून खेळाडू निवडू नका. खेळाडूच्या गुणांचे १ ते २० मधले आकडे उघडून वाचा. टार्गेट फॉरवर्डसाठी (लांबचे, उंच चेंडू झेलणारा स्ट्रायकर) उंची सेंटिमीटरमध्ये बघून उपयोग नाही. तो किती उंचीवरचा चेंडू गाठतो हे जंपिंग रीच सांगतो आणि उंची त्यात आधीच धरलेली असते. त्याच्या जोडीला स्ट्रेंग्थ, बॅलन्स आणि ब्रेव्हरी. १९५ सेंटिमीटरच्या माणसाची स्ट्रेंग्थ ९ असेल तर सेंटर बॅक त्याला चेंडू येण्याआधीच ढकलून देतो.

पोचरमध्ये फिनिशिंगच्या आधी ऑफ द बॉल (चेंडू नसताना योग्य जागा घेणं) बघा. फिनिशिंग १६ आणि ऑफ द बॉल ९ असलेला स्ट्रायकर ज्या जागेतून गोल करू शकतो त्या जागेवर वेळेत पोहोचतच नाही. त्यानंतर अँटिसिपेशन आणि कंपोजर. डीप-लाइंग फॉरवर्डमध्ये फर्स्ट टच, पासिंग, डिसिजन्स आणि टीमवर्क हे चार जमले तर फिनिशिंग ११-१२ असलं तरी निभावतं. वेगाचे आकडे मात्र एकटे वाचायचे नाहीत. तुमच्या लीगमधल्या पहिल्या चार-पाच संघांच्या सेंटर बॅकचं अ‍ॅक्सिलरेशन काढा आणि त्याच्याशी तुलना करा. एका लीगमध्ये १३ वेगवान ठरतो, दुसऱ्यात तोच माणूस पकडला जातो.

आणि प्लेअर ट्रेट्स, म्हणजे खेळाडूच्या सवयी. हा भाग बरेच जण उघडतच नाहीत. अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्ड लावला, पण खेळाडूला चेंडू घ्यायला खाली येण्याची सवय आहे, तर तो तुमची सूचना असतानाही खाली येणार. तसंच ऑफसाइडचा सापळा तोडायची सवय असलेला माणूस डीप-लाइंग फॉरवर्ड म्हणून सारखा पुढे निसटतो. सवय सोडवायचं प्रशिक्षण देता येतं, पण त्यात महिने जातात आणि वय झालेला खेळाडू सहसा बधत नाही. त्यापेक्षा दोघांच्या भूमिका अदलाबदल करून पाहा.

डिसेंबरपर्यंत चाललं, मग अचानक थांबलं

जोडी तीच, डावपेच तेच, तरी जानेवारीपासून गोल आटतात. इथे लोक फॉर्मला दोष देतात. खरं कारण असं की तुम्ही तक्त्यात वर गेलात, संघाची प्रतिष्ठा वाढली, आणि प्रतिस्पर्धी आता तुमच्याविरुद्ध मागे दबून खेळतात. अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्डला पळायला पाठीमागे मैदान लागतं. समोरची बचावफळी स्वतःच्या बॉक्सवर उभी असेल तर तो पळणार कुठे? बाहेरच्या सामन्यांत जोडी चालते आणि घरच्या सामन्यांत अडते, ही याची अगदी ठरलेली खूण.

घरच्या सामन्यासाठी 'पास इन्टू स्पेस' (मोकळ्या जागेत पास द्यायची सूचना) काढा, विड्थ (संघ किती रुंद पसरतो ते) एक पायरी वाढवा, आणि अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्डऐवजी बॉक्समध्ये थांबणारा पोचर आणा. शेजारी टार्गेट फॉरवर्ड असेल तर किमान एक फुल बॅक अटॅकवर हवा आणि क्रॉस फ्लोटेड (उंच, तरंगते) हवेत. हेडिंगवर जगणाऱ्या माणसाला लो क्रॉस देणं ही चूक आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी दिसते. दुसरा मार्ग म्हणजे लाइन ऑफ एंगेजमेंट (जिथून समोरच्यांवर दबाव टाकायला सुरुवात करायची ती रेषा) खाली घ्यायची, समोरच्यांना पुढे यायला लावायचं आणि मग त्यांच्या पाठीमागे मारायचं. बरोबरीवर समाधान मानणारा संघ मात्र या आमिषाला भुलत नाही.

तिन्ही टॅक्टिक स्लॉट वापरा. पहिल्यात बाहेरच्या सामन्याची रचना, दुसऱ्यात घरची, फक्त जोडी आणि दोन-तीन सूचना बदललेल्या. तिन्हींचा सराव सोबतच होत असल्यामुळे ऐनवेळी बदल केला तरी खेळाडू बावचळत नाहीत.

चेंडू नसताना

दोन स्ट्रायकर म्हणजे मिडफिल्डमध्ये एक माणूस कमी. समोर ४-३-३ असेल तर त्यांचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर मोकळा फिरतो आणि तिथूनच तुमचं सगळं उसवतं. खाली उतरणाऱ्या स्ट्रायकरला प्लेअर इन्स्ट्रक्शन्समध्ये जाऊन ठरावीक जागा मार्क करायला सांगा आणि ती जागा डिफेन्सिव्ह मिडफिल्डरची निवडा. वर्क रेट १२ च्या खाली असेल तर ६० व्या मिनिटानंतर हे काम होत नाही, तेव्हा बदली तयार ठेवा. 'फुटबॉल मॅनेजर २६' मध्ये हे सोपं झालं आहे: चेंडू नसतानाच्या फॉर्मेशनमध्ये एका स्ट्रायकरला एक ओळ खाली ओढून ४-४-१-१ करा.

दुसऱ्याचे गोल मोजत बसणं

लेस्टर सिटीने २०१५-१६ ची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा जेमी वार्डीचे २४ गोल होते आणि त्याच्या शेजारी खेळणाऱ्या शिंजी ओकाझाकीचे ५. गोल बघून कोणी ओकाझाकीला काढलं असतं तर वार्डीच्या मागे राहून पळणारा, चेंडू हिसकावणारा माणूसच गेला असता. ब्लॅकबर्नच्या १९९४-९५ च्या विजेत्या संघातही अ‍ॅलन शिअररचे ३४ आणि ख्रिस सटनचे १५ होते.

गेममध्ये गोल न करणाऱ्या स्ट्रायकरचं रेटिंग ६.७-६.८ वर अडकतं, त्यामुळे ते बघून निर्णय घेऊ नका. की पास, जिंकलेले हेडर आणि असिस्ट बघा. सगळ्यात बोलका आकडा वेगळाच आहे: दुसरा जायबंदी असताना पहिल्याचा प्रति ९० मिनिटं एक्सजी (मिळालेल्या संधींवरून अपेक्षित गोल) किती पडतो? तो ठळकपणे पडत असेल तर त्या ५ गोलांच्या माणसाचा करार आधी वाढवा. नवी जोडी तपासायला ८-१० सामने द्या. दोन सामन्यांत मोडलेली जोडी तपासलीच गेली नाही असं धरा.

बदली खेळाडूंचंही बघा. चार स्ट्रायकरांपैकी तीन पळणारे आणि उतरणारा एकच, अशी फळी त्या एकाच्या दुखापतीसरशी कोसळते. मध्य प्रदेशचा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) नसल्यामुळे इथले बरेच जण गोवा, मुंबई सिटी किंवा बेंगळुरू घेतात. त्यांनी एक गोष्ट जास्त धरावी. आयएसएलने २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी ४ परदेशी हा नियम आणला. दोन्ही स्ट्रायकर परदेशी घेतले तर सेंटर बॅक आणि मिडफिल्ड मिळून दोनच जागा उरतात. गोल करणारा परदेशी ठेवा, आणि शेजारी टीमवर्क व वर्क रेट चांगला असलेला भारतीय स्ट्रायकर प्रेसिंग फॉरवर्ड सपोर्टवर खेळवा. त्या कामाला लागणारे आकडे भारतीय खेळाडूंत शोधणं फिनिशिंगपेक्षा सोपं जातं, आणि वाचलेली जागा सेंटर बॅकला देता येते.