मेंदूची मोठी रक्तवाहिनी ब्लॉक झाली तर पहिल्या काही तासांत काय करायचं

घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात गळून पडला किंवा बोलणं अडखळायला लागलं की बरेच जण अजूनही म्हणतात जरा पडू दे, झोपून उठल्यावर बघू. असं करू नका, कळकळीने सांगतोय, हा स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका असू शकतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर दर मिनिटाला साधारण 19 लाख न्यूरॉन (मेंदूच्या पेशी) मरतात असा अंदाज आहे, आणि मेलेले परत येत नाहीत. पण गुठळीच्या आजूबाजूचा बराच भाग काही तास अर्धमेला होऊन तग धरून असतो, सगळी ट्रीटमेंट त्याला वाचवण्यासाठीच असते.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक साधं वाक्य बोलायला सांगा. तोंडाची एक बाजू लोंबली, एक हात खाली यायला लागला किंवा शब्द नीट निघेनात, यातलं एकही दिसलं तरी पुरे. त्यातही पेशंटचे डोळे एकाच बाजूला वळून राहिलेत, एक बाजू पूर्णच लुळी पडलीय, किंवा आपण काय बोलतोय तेच त्याला कळत नाहीये, तर मोठी नस बंद असण्याची शक्यता जास्त. मेंदूच्या मागच्या बाजूची मोठी नस बंद झाली तर मात्र हातपाय सुरुवातीला ठीकही असू शकतात, फक्त अचानक जोरात चक्कर, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, मग गुंगी, त्यामुळे तो स्ट्रोक हमखास नजरेतून सुटतो. आणि लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी हॉस्पिटल गाठायचंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. लक्षणं कधी दिसली हे नाही, पेशंट शेवटचा ठणठणीत कधी होता ते डॉक्टरांना हवं असतं. रात्री अकराला नीट बोलून झोपला आणि सकाळी सहाला हात हलेना, तर घड्याळ अकरापासून मोजतात. ही वेळ कागदावर लिहा, सोबत चालू गोळ्यांची पाकिटंच उचला, रक्त पातळ करायची गोळी असेल तर शेवटची कधी घेतली तेही लिहा. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि फोनवर स्ट्रोक हा शब्द स्पष्ट वापरा.

तोपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कारण गिळणं बिघडलेलं असतं आणि ते श्वासनलिकेत जातं. अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नको, कारण हाच झटका रक्तस्रावानेही येतो आणि स्कॅनशिवाय फरक कळत नाही. बीपी जास्त दिसलं म्हणून घरची गोळी द्यायची नाही, त्या क्षणी वाढलेलं बीपीच मेंदूच्या त्या भागाला थोडंफार रक्त पोचवत असतं. शुगर मोजायचं मशीन असेल तर मोजून घ्या, शुगर खूप उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा.

हॉस्पिटल कुठलं? शक्य असेल तर जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे आणि कॅथलॅबमधून (नसेत नळी घालून उपचार करायची खोली) गुठळी काढणारी टीम आहे तिथे, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना तसं विचारा. ते खूप लांब असेल तर जवळच्या सीटीवाल्या हॉस्पिटलात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू करून पुढे पाठवतात.

तिथे आधी साधा सीटी होतो, रक्तस्राव नाही ना ते बघायला, आणि लगेच सीटी अँजिओग्राफी, नेमकी कुठली नस बंद आहे ते कळायला. साडेचार तासांच्या आत असाल आणि इतर अडचण नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, अल्टेप्लेज तासभर ड्रिपमधून किंवा टेनेक्टेप्लेज एकदाच. त्याआधी बीपी 185/110 च्या खाली आणावं लागतं. पण मोठ्या नसेतली मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने बऱ्याचदा विरघळत नाही, म्हणून थ्रॉम्बेक्टॉमी करतात, म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी जाळीत अडकवून ओढतात किंवा व्हॅक्यूमने खेचून घेतात. इंजेक्शनचा परिणाम बघत बसायचं नसतं, दोन्ही लागोपाठ.

2015 मध्ये पाच मोठ्या ट्रायल्सनी थ्रॉम्बेक्टॉमीचा फायदा पक्का केला. पाचही एकत्र तपासल्यावर दिसलं की साधारण दर अडीच-तीन पेशंटमागे एकाचं अपंगत्व यामुळे कमी होतं. आधी सहा तासांची मर्यादा होती, 2018 मध्ये डॉन आणि डिफ्यूज 3 या दोन ट्रायल्स आल्यावर निवडक पेशंटमध्ये, स्कॅनवर वाचण्यासारखा भाग शिल्लक असेल तर, चोवीस तासांपर्यंतही करतात. म्हणजे सकाळी झोपेतून उठताना कळलं म्हणून आशा सोडायची नाही, पण अजून वेळ आहे म्हणून रेंगाळायचंही नाही.

डॉक्टर सही मागतील तेव्हा तीन गोष्टी विचारा: मोठी नस बंद आहे का, इंजेक्शन देताय का, गुठळी काढता येईल का आणि इथे नाही तर कुठे. मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो, तो नीट समजून घ्या, पण नातेवाइकांची बैठक जमेपर्यंत सही अडवून ठेवू नका.

नंतरचे चोवीस तास आयसीयूत बीपीवर बारीक लक्ष ठेवतात. इंजेक्शन दिलेलं असेल तर परत स्कॅन करून रक्तस्राव नाही हे बघितल्यावरच अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी सुरू होते. गिळण्याची टेस्ट झाल्याशिवाय घरून आणलेलं काही भरवायचं नाही, कितीही मागितलं तरी. डिस्चार्जआधी गुठळी आली कुठून ते विचारा, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, मानेच्या नसेत चरबी साठलीय का, कारण कुठली गोळी कायम चालू ठेवायची ते त्यावरच ठरतं.